कॅराव्हॅन ओढायला मोठी फोर-बाय-फोर कशी निवडायची

कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं मनात आलं की पहिली चक्कर होते ती गाडीच्या शोरूमला. क्रम इथेच उलटा पडतो. गाडी आधी घेतली की कॅराव्हॅन तिच्या मापाची शोधावी लागते, आणि ओढायच्या कॅराव्हॅन बनवणारे आपल्याकडे मुळातच कमी. मग "एवढी मोठी गाडी आहे, ओढेल की" म्हणत मिळेल ती जोडली जाते. गाडी ओढतेही. पावणेदोनशे हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाला दीड टन जड जात नाही. अडचण येते ती सगळं थांबवताना, सरळ रेषेत ठेवताना आणि मागच्या अ‍ॅक्सलवर नेमका किती भार पडलाय हे मोजताना. मोठ्या फोर-बाय-फोरमध्ये ताकद शिल्लक असतानाच वजन वाहायची मुभा संपून जाते. पुढचा बहुतेक हिशेब या मुभेचाच आहे.

पायरी १ : आधी कॅराव्हॅनचं भरलेलं वजन ठरवा

कॅराव्हॅनची दोन वजनं असतात. एक रिकामं, कारखान्यातून निघतानाचं. दुसरं जास्तीत जास्त भरलेलं, म्हणजे चासी, अ‍ॅक्सल आणि टायर मिळून जेवढं पेलू शकतात तेवढं. जाहिरातीत पहिलं मोठ्या अक्षरात असतं. गाडी निवडताना दुसरंच धरायचं.

या दोघांतला फरक किती पटकन भरतो ते बघा. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की १०० किलो. घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी १५० एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. १०० एएचची लिथियम बॅटरी साधारण बारा किलोत बसते, आणि वापरायला मिळणारी वीज दोन्हींत फारशी वेगळी नसते. बाजूला उघडणारी छत्री, म्हणजे ऑनिंग, वीस-तीस किलो. भांडी, गाद्या, घडीच्या खुर्च्या, मुलांच्या सायकली, किराणा. दोनशे किलो कधी झाले ते कळत नाही. म्हणून पाणी मुक्कामाच्या जवळ भरा आणि टाकी एक तर पूर्ण भरलेली नाही तर रिकामी ठेवा. अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर हिंदकळतं आणि कॅराव्हॅनला झोका देतं.

नवशिक्यांसाठी एक जुना, जपून वागणारा नियम आहे: कॅराव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. हा कायदा नाही, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. मागची वस्तू पुढच्या गाडीपेक्षा हलकी असेल तरच पुढची गाडी तिला वळण लावू शकते. मोठ्या फोर-बाय-फोरचा खरा फायदा इथे दिसतो. तिचं स्वतःचंच वजन दोन टनांच्या आसपास असतं.

पायरी २ : गाडीच्या कागदांवरचे आकडे शोधा

गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, या दोन्हींची नोंद आरसी बुकावर असते. तिसरा आकडा म्हणजे ओढायची क्षमता. तो ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी वेगळा आणि ब्रेक नसलेल्यासाठी वेगळा असतो. चौथा, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, ज्याला जीसीएम म्हणतात. तिसरा आणि चौथा आकडा मालकाच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या प्रकरणात सापडायला हवेत. सापडले नाहीत, किंवा तिथे ट्रेलर जोडू नका असं लिहिलेलं असेल, तर त्या गाडीचा विचार थांबवायचा किंवा कंपनीकडून लेखी उत्तर मागवायचं. सेल्समनने तोंडी दिलेलं "हो"  विम्याच्या दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

इथे एक मोठी फसगत होते. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या फोर-बाय-फोर टोयोटा हायलक्सला ब्रेकवाला ३५०० किलोचा ट्रेलर ओढायची मान्यता आहे, लँड क्रूझर ३००लाही तेवढीच. हे व्हिडिओ पाहून लोक तोच आकडा इथल्या गाडीला लावतात. पण मान्यता मिळते ती त्या देशात विकल्या जाणाऱ्या गाडीला, तिथल्या हिच (ट्रेलर जोडायचा सांधा), कूलिंग आणि वायरिंगसकट. नाव आणि इंजिन सारखं असलं म्हणून इथल्या गाडीला तो आकडा आपोआप लागू होत नाही. भारतातल्या पुस्तिकेत असेल तोच आकडा आपला.

जीसीएमचाही सापळा आहे. गाडी पूर्ण भरायची आणि ट्रेलरही कमाल वजनाचा लावायचा, हे दोन्ही एका वेळी बहुतेक गाड्यांत चालत नाही. बेरीज जीसीएमच्या वर गेली की एक तर सामान कमी, नाही तर कॅराव्हॅन हलकी.

पायरी ३ : वजन वाहायच्या मुभेचा हिशेब

हा हिशेब कागदावर करा. मनात केला की आपण नेहमी स्वतःच्या बाजूने चुकतो.

समजा गाडीचं रिकामं वजन २१५० किलो आणि जीव्हीडब्ल्यू २७५० किलो आहे. म्हणजे मुभा ६०० किलो. भरपूर वाटते. आता चार मोठी माणसं सरासरी ७० किलोंची धरा, झाले २८०. टो बार, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे बसवायचा लोखंडी दांडा, आणि हिच ३५. टपावरचा कॅरियर ३०. हौसेने बसवलेला लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची तारेची चरखी) ८०. डिकीतलं सामान ८०. बेरीज ५०५. आता कॅराव्हॅनचं नाक गाडीच्या हुकावर जेवढं दाबतं तेही गाडीचंच ओझं. १५०० किलोच्या कॅराव्हॅनचे आठ टक्के म्हणजे १२०. एकूण ६२५. जीव्हीडब्ल्यू पंचवीस किलोंनी ओलांडलं, आणि अजून कूलरबॉक्स, कंप्रेसर, सुटा डिझेल कॅन यातलं काहीच धरलेलं नाही.

या यादीत नेमकं काय काढता येतं ते पाहा. माणसं काढता येत नाहीत. कॅरियर, बंपर आणि विंच काढले की ११० किलो परत मिळाले. कॅराव्हॅनचं कुटुंब रायगडाच्या पायथ्याला किंवा दिवेआगरला जाणार असेल तर विंचचा उपयोग क्वचितच होतो. शिवाय रेडिएटरसमोर लोखंड उभं केलं की हवा अडते. भर उन्हात एसी लावून जुना खंबाटकी घाट ट्रकच्या मागे दुसऱ्या गियरमध्ये चढताना तीच हवा हवी असते.

मागे स्प्रिंगच्या आत एअरबॅग बसवून मुभा वाढते असा समज सर्रास आहे. एअरबॅगने गाडीची मागची बाजू उचलली जाते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत, बस. अ‍ॅक्सल, ब्रेक आणि चासी तीच राहते, आणि आरसीवरचा आकडाही तोच.

पायरी ४ : हुकावरचा भार समजून घ्या

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढे जास्त झाला की धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर बसते. कॅराव्हॅनचं अगदी तसंच आहे, फक्त मान गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलची.

उलाळ कॅराव्हॅन जास्त धोक्याची. नाक हलकं झालं की शेपूट डावी-उजवीकडे मारायला लागतं आणि वेग वाढला की झोका वाढतच जातो. युरोपात हलक्या कॅराव्हॅनसाठी भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार नाकावर ठेवतात, ऑस्ट्रेलियात लांब आणि जड कॅराव्हॅनसाठी १० टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीला आठ टक्क्यांच्या जवळपास धरा, पण त्याआधी तीन ठिकाणची मर्यादा वाचा: गाडीची, टो बारवरच्या पट्टीवरची आणि कॅराव्हॅनच्या नाकावरच्या, गाडीला जोडल्या जाणाऱ्या कपलिंगवरची. तिन्हींत जी सगळ्यात कमी तीच खरी. टो बारला ७५ किलोची मर्यादा असेल तर १५०० किलोच्या कॅराव्हॅनच्या नाकावर जेमतेम पाच टक्के भार ठेवता येईल, आठ नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हुकावर १२० किलो ठेवले तर मागच्या अ‍ॅक्सलवर १२० येत नाहीत, त्याहून जास्त येतात, कारण हुक अ‍ॅक्सलच्या मागे असतो आणि तरफेसारखा दाबतो. फॉर्च्युनरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २७४५ मिलिमीटर. मागच्या अ‍ॅक्सलपासून हिचचा बॉल (कपलिंग ज्यावर बसतं तो गोळा) १२०० मिलिमीटर मागे आहे असं धरलं, तर १२० किलोंमुळे मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे १७२ किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून ५२ किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागतं, ओल्या वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते आणि पुढच्या ब्रेकची पकडही घटते.

म्हणून शोरूममध्ये जाताना मेजरिंग टेप न्या. मागच्या चाकाच्या मध्यापासून बॉल जिथे येईल तिथपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला व्हीलबेसने भागा. उत्तर जितकं लहान तितकी गाडी ओढायला चांगली. पिकअपचा व्हीलबेस लांब असतो म्हणून ती आपोआप सरस ठरते असं नाही, कारण तिची शेपटीही लांब असते.

पायरी ५ : यादीत कोणत्या गाड्या येतात

लॅडर फ्रेम (बॉडीखालची वेगळी पोलादी चौकट), डिझेल आणि लो रेंज असलेली ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी, हळू पण जास्त जोराचा गियर असलेली पेटी), एवढ्या तीन अटी लावल्या की यादी छोटी होते. सध्याच्या डिझेल टाटा सफारीत फोर-व्हील-ड्राइव्हच नाही, त्यामुळे नावाच्या पुण्याईवर तिच्याकडे जाऊ नका.

टोयोटा फॉर्च्युनर आणि हायलक्स या दोघींत २.८ लिटरचं २०४ पीएसचं इंजिन आहे. ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, मॅन्युअलला ४२०. फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग, हायलक्सला पाटे. पाटे भार जास्त शांतपणे घेतात, रिकामी असताना मात्र गाडी उडते. हायलक्स ५३२५ मिलिमीटर लांब आहे. सोसायटीत पार्किंगचा पट्टा पाच मीटरचा असेल तर ती बाहेर डोकावणारच, आणि बेसमेंटच्या रॅम्पवर वळताना रोज त्रास देईल. बुक करायच्या आधी स्वतःचा पट्टा मोजा.

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसमध्ये १.९ लिटर इंजिन, १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर. कामाला प्रामाणिक गाडी, पण घाटात कॅराव्हॅन मागे असताना ओव्हरटेक करायची घाई तिला चालत नाही. महिंद्रा स्कॉर्पिओ-एनची फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये येते: १७५ पीएस, मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन-मीटर. हिचा विचार करताना जीव्हीडब्ल्यूचा हिशेब आधी करा, कारण सातही सीट भरून कॅराव्हॅन ओढायचा मोह इथे हमखास होतो. फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक आहेत, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरवता येतं, चिखलात तिला तोड नाही. १४० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर मात्र हायवेवर एक टनाच्या आसपासच्या हलक्या कॅराव्हॅनलाच पुरेसे वाटतील. तीन दरवाजांच्या गुरखाचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर, थार तीन-दरवाजाचा २४५०. आखूड व्हीलबेसची गाडी मागच्या झोक्याला लवकर शरण जाते. या दोघी लहान कॅम्पिंग ट्रेलरसाठी ठीक, कॅराव्हॅनसाठी नकोत.

या प्रत्येकीची ट्रेलर-मान्यता पायरी २ मध्ये सांगितली तशी तपासायची. ती मिळाली नाही तर बाकी सगळे गुण बाजूला.

पायरी ६ : गियरबॉक्स आणि उतार

चढावर कॅराव्हॅनसकट थांबून पुन्हा निघताना मॅन्युअल गाडीत हाफ क्लच खूप वापरला जातो. रिव्हर्समध्ये तर जास्तच. पाच-सहा वेळा असं झालं की जळका वास येतो आणि क्लच प्लेटचं आयुष्य घटतं. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक हे काम तेलातून करते, म्हणून ओढायला ती सोयीची. पण ते तेल तापतं. ऑटोमॅटिक घेणार असाल तर गियरबॉक्स ऑइलला वेगळा कूलर आहे का ते विचारा आणि पुस्तिकेतलं जड वापराचं वेळापत्रक पाळा. चढावर गाडी सतत दोन गियरांमध्ये हिंदोळत असेल तर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गियर धरून ठेवा. गियर हिंदोळले की तेल तापतं.

चढापेक्षा उतार महत्त्वाचा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. तिथल्या अपघातांमागे डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणं आणि ब्रेक तापून निकामी होणं, ही दोन कारणं पुन्हा पुन्हा समोर आली आहेत. आता पाचगणीहून वाईला पसरणी घाटाने उतरायचं धरा. साधारण सहाशे मीटरची उंची बाराएक किलोमीटरमध्ये खाली यायची. गाडी आणि कॅराव्हॅन मिळून ४२५० किलो असतील तर त्या उंचीतून सुटणारी ऊर्जा अंदाजे २५ मेगाज्यूल होते. ऐंशी लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता. ती सगळी ब्रेक पॅडमध्ये घातली तर पॅड आपली पकड सोडतात, ब्रेक ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल नरम पडून खाली जातं.

म्हणून उतार लागायच्या आधी, वरच, गियर कमी करा. ज्या गियरने घाट चढलात त्याच गियरने उतरा. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. वेग वाढला की एकदा ठाम दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क थंड होतात. टेस्ट ड्राइव्हला हेच पाहायचं आहे: तिसऱ्या किंवा दुसऱ्या गियरमध्ये पाय काढला की गाडी स्वतःला किती धरून ठेवते. रिकाम्या गाडीत बाणेर रोडवर दोन किलोमीटर फिरून यातलं काहीच कळत नाही. पाच माणसं बसवा आणि वारज्याहून कात्रज बोगद्यापर्यंत जाऊन परत या.

पायरी ७ : चारही चाकं कधी फिरवायची

कोरड्या डांबरावर ओढण्यासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह लागत नाही. वर दिलेल्या यादीतल्या गाड्यांत पार्ट-टाइम यंत्रणा असते: टू-हायमध्ये फक्त मागची चाकं फिरतात, फोर-हायमध्ये चारही, आणि फोर-लोमध्ये चारही, पण हळू आणि जास्त जोराने. फोर-हाय लावून कोरड्या रस्त्यावर वळलं की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे तो फरक सोसायला काही नसतं आणि ट्रान्सफर केसवर ताण चढतो. गाडी वळताना अडखळते, लिव्हर अडकून बसतो. कोरड्या रस्त्यावर टू-हायच.

खरी गरज मुक्कामाच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पडते. पवना धरणाच्या काठची भातखाचरं पावसाळ्यात, किंवा भोरकडची ओली गवताळ उतरण. आत जाताना कॅराव्हॅन ढकलल्यासारखी सहज जाते, रात्री पाऊस पडतो आणि सकाळी निघताना मागची चाकं जागेवर फिरतात. काळ्या मातीत तर टायरच्या खाचा भरून गुळगुळीत होतात. अशा वेळी आधीच फोर-लो लावा, दुसऱ्या गियरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम. कॅराव्हॅन चढावर रिव्हर्स लावायची असेल तेव्हाही, जमीन ओली किंवा मुरमाची असेल तर, फोर-लो वापरा. गोगलगाईच्या वेगाने जाता येतं आणि क्लच वाचतो.

पायरी ८ : हिच, ब्रेक, वायर

टो बार चासीच्या मूळ भोकांना बोल्टने बसणारा, वजनाची पट्टी असलेला घ्या. गॅरेजमध्ये अँगल वेल्ड करून दिलेला नको. वेल्डिंगच्या शेजारची चासी तापून कमजोर होते आणि तडा नेमका तिथेच जातो. पट्टीवर 'डी' मूल्य असतं. ते तुमच्या जोडीला पुरतं का ते असं काढा: गाडीचं जीव्हीडब्ल्यू आणि कॅराव्हॅनचं भरलेलं वजन यांचा गुणाकार, भागिले दोघांची बेरीज, गुणिले ९.८१, भागिले १०००. आपल्या उदाहरणात २७५० आणि १५०० किलोंसाठी ९.५ किलोन्यूटन येतं. पट्टीवरचा आकडा याहून मोठा हवा.

बॉल सहसा ५० मिलिमीटरचा. बॉल आणि कपलिंग एकाच मापाचं आहे ना ते कोरलेल्या आकड्यावरून पाहा, अंदाजाने नाही. उंच गाडीला सरळ टो बार लावला तर कॅराव्हॅनचं नाक आकाशाकडे जातं आणि ती उलाळ होते. खाली वाकलेला ड्रॉप बार घ्या. जोडल्यावर कॅराव्हॅन सपाट किंवा किंचित नाक खाली अशी दिसली पाहिजे.

युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. हा आकडा इथेही स्वतःपुरता सक्तीचा माना. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी थांबली की कॅराव्हॅन पुढे ढकलते आणि त्या ढकलण्यानेच तिचे ब्रेक लागतात. साधी, टिकाऊ पद्धत. इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो, पण त्यात कॅराव्हॅनचे ब्रेक एकटे, हाताने लावता येतात. झोका सुरू झाला तर त्याचा मोठा आधार.

वायरिंगमध्ये चूक होते ती बॅटरी चार्जिंगच्या वायरीत. गाडीच्या बॅटरीपासून कॅराव्हॅनपर्यंत सहा मीटर धरले, जाऊन-येऊन बारा. त्यातून ३० अ‍ॅम्पिअर न्यायचे असतील तर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत अडीच व्होल्ट वाटेतच संपतात. दिवसभर गाडी चालवूनही कॅराव्हॅनची बॅटरी अर्धीच राहते, ती या कारणाने. दहा चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ फ्यूज आणि कॅराव्हॅनच्या बाजूला डीसी-डीसी चार्जर लावा. इंडिकेटर आणि ब्रेक लाइटची जोडणी गाडीच्या मूळ हार्नेसला टोचून करू नका, वेगळा रिले मॉड्यूल वापरा. नाही तर वॉरंटीचा वाद ठरलेला.

टायरवर लोड इंडेक्स असतो. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो. हवा पूर्ण भाराच्या तक्त्याप्रमाणे, तक्ता दरवाजाच्या खांबावर. कॅराव्हॅनचे टायर झिजण्याआधी उभ्या-उभ्या म्हातारे होतात, म्हणून बाजूच्या चार अंकांवरून आठवडा आणि वर्ष वाचा.

पायरी ९ : कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची नोंदणीही इतर वाहनांसारखीच करावी लागते. म्हणजे कॅराव्हॅनला स्वतःचा नंबर हवा. बनवणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा की याआधी त्याच्या कॅराव्हॅनची नोंदणी महाराष्ट्रात झाली आहे का, आणि तशी एखादी आरसी पाहायला मागा. पुणे शहरासाठी संगम पुलाजवळचं आरटीओ, पिंपरी-चिंचवडसाठी मोशीचं. तिथे अर्जाच्या वेळीच गाडी आणि कॅराव्हॅन दोन्हींची वजनं दाखवून लायसन्सचा वर्ग विचारून घ्या. टो बार बसवल्याचं विमा कंपनीला ई-मेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

पायरी १० : जुनी गाडी घेत असाल तर

२०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, पण एन्डेव्हरला अजून मागणी आहे, आणि ओढायला गाडी उत्तमच. घेण्याआधी तुमच्या गॅरेजला तिचे गियरबॉक्सचे सुटे भाग किती दिवसांत मिळतात ते विचारा. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या मोठ्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यात एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि पुन्हा नोंदणीचा खर्च मिळवा, मग स्वस्त आहे का ते ठरवा.

गाडी रॅम्पवर घ्या. मागच्या चासीवर ताजा काळा रंग दिसला तर तो खरवडून बघा, खाली वेल्डिंग असू शकतं. कोकणात राहिलेल्या गाडीच्या चासीच्या सांध्यांत आतून गंज असतो. फोर-लो टाकून पाहा. वर्षानुवर्षं न वापरल्याने तो अडकलेला असतो. ऑटोमॅटिकचं तेल करपट वासाचं आणि तपकिरी-काळं असेल तर ती गाडी सोडून द्या.

पायरी ११ : भुईकाट्यावर

भोसरी, चाकण, मार्केट यार्ड, कुठेही वजनकाटा मिळतो. पूर्ण टाकी, सगळी माणसं, सगळं सामान घेऊन जा. पहिलं वजन एकट्या गाडीचं. मग कॅराव्हॅन जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर. मग फक्त गाडीची मागची चाकं. शेवटी फक्त कॅराव्हॅनची चाकं. दुसरा आकडा जीव्हीडब्ल्यूशी, तिसरा मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा, आणि दुसऱ्यात चौथा मिळवला की जीसीएमशी. दुसऱ्यातून पहिला वजा केला की नाकावरचा भार निघतो, पण ट्रकचे काटे पाच-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे तो ढोबळ समजा. नेमका भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. बॉलच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करा, त्यावर कपलिंग टेकवा, जॉकी व्हील (कॅराव्हॅनच्या नाकाखालचं आधाराचं छोटं चाक) उचला. कॅराव्हॅनच्या चाकांना आधी गुटके लावायला विसरू नका.

नाक हलकं निघालं तर जड सामान अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे सरकवा. अगदी पुढच्या टोकाला रचू नका. दोन्ही टोकांना वजन ठेवलं की नाकाचा आकडा बरोबर येतो आणि कॅराव्हॅन तरीही झोके घेते.

पहिली फेरी

पहिल्याच वेळी पाचगणी नको. सोलापूर रस्त्याने भिगवणला जा, सुमारे शंभर किलोमीटर, घाट नाही. जोडल्यावर जॉकी व्हील खाली फिरवून गाडीची मागची बाजू दोन बोटं उचलून पाहा. कपलिंग बॉलवरून सुटलं नाही तर ते पक्कं बसलंय. साखळ्या कपलिंगच्या खाली एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे हिच निसटली तरी नाक त्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यावर नाही. ब्रेकअवे केबल (कॅराव्हॅन सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लावणारी) बॉलला न गुंडाळता टो बारच्या ठरलेल्या कडीत अडकवा. जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन कसा.

वेग ८० च्या आत. मोठी बस शेजारून गेली की कॅराव्हॅन आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा. झोका सुरू झालाच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टेअरिंगने त्याला उत्तर देऊ नका, गाडीचे ब्रेक मारू नका. इलेक्ट्रिक कंट्रोलर असेल तर हाताने फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक हलके लावा. वेग वाढवून झोका काढायचा सल्ला कुणी दिला तर मनावर घेऊ नका.

पन्नास किलोमीटरनंतर थांबून कॅराव्हॅनच्या चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा कसा, नव्या चाकांवर ते हमखास थोडे सैल होतात. तेव्हाच दोन्ही बाजूंच्या हबजवळ हाताचा मागचा भाग न्या. दोन्ही सारखेच कोमट असतील तर पुढे निघा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली, तर त्या बाजूचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय. गाडी तिथेच उभी करा आणि चाक काढून बघा.